हरलेल्याच्या दारातली सायकल

कबड्डीचा सामना संपला, की बाकीचे वार्ताहर जिंकणाऱ्यांना गाठायचे. आमच्या गल्लीतले देवतळे हरलेल्याच्या घरी जायचे. "जिंकणाऱ्याचं कोणीही लिहिते. हरलेला माणूस घरी जाऊन काय करते, ते कोण पाह्यते?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सायकलची चेन कुरकुरायची. सामन्याच्या संध्याकाळी तो आवाज आला, की दांडगे दांडगे गडी न्हाणीत लपत.

त्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईवर माझा दम तुटला, मध्यरेषा चार बोटांवर असताना. हरल्याचं दुःख होतंच, पण भीती वेगळीच होती. सदर भागातल्या हपिसात मी तापाची रजा टाकली होती. आणखी एक रजा खोटी निघाली तर नोकरी गेली समजा, असं साहेबांनी बजावलेलं. आणि साहेब पेपर टेंडरच्या जाहिरातींसकट वाचायचे.

चेन कुरकुरली. सायकल पुढे जाऊ दे, म्हणून मी टेकडीच्या गणपतीला नारळ बोललो. ती आमच्याच दारात थांबली.

"जेवले काय गा?" म्हणत देवतळे वही काढून बसले. "मैदानावरून सिध्धा तुमच्या हपिसात गेलो. साहेब म्हणे, तो तर तापानं फणफणून राहिला."

आता मला खरंच ताप चढला. "तुम्ही काय सांगितलं?"

"काही नाही. उद्या वाचतीलच. अंगात ताप, तरी मैदानात. अशी बातमी मले दहा वर्षांत नाही भेटली."

माझं खोटं माझ्यापेक्षा चांगलं खेळलं होतं.

हिनं चहा आणला. देवतळ्यांनी तिला समोर बसवून वहीत लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. शेवटी होतं, 'शिटी वाजल्यावर या खेळाडूनं गुणफलक पाहिला नाही. बायकांच्या रांगेत आपली बायको शोधली. ती दिसली, तेव्हा मान खाली घातली.'

हिनं डोळ्यांना पदर लावला. देवतळ्यांनी ते पान फाडलं, घडी करून तिच्या हातात दिलं.

"काहून हो?" मी विचारलं.

"घरच्याच्या डोळ्यात पाणी आलं का ते छापाचं नसते. ते घरचं." मग कपाकडे बघत म्हणाले, "पयले आमच्या घरीच वाचून पाह्यत होतो. बायको गेली, तवापासून लोकाइच्या घरी हिंडून राहिलो."

अख्खी गल्ली ज्यांना भ्यायची, त्यांची असली एकही बातमी छापून आलेली कोणी पाहिली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सकाळी पेपरात सामन्याच्या दोन ओळी होत्या, त्यात माझं नाव नव्हतं.

पुढच्या वर्षी मी रीतसर रजा घेऊन खेळलो आणि आम्ही जिंकलो. हिनं एका कपाचं जास्तीचं आधण ठेवलं. संध्याकाळी चेन कुरकुरली. आम्ही दोघं दारात आलो.

सायकल आमच्या दारावरून पुढे गेली.