चालेलरावांचा टायर

मंगळवारी सकाळी ट्रॅक्टरचा मागचा डावा टायर कायमचा बसला आणि चालेलरावांना मनातून आनंद झाला. आता, टायर बसल्यावर आनंद कुणाला होतो? पण शेडच्या कोपऱ्यात त्यांचा एक जुना टायर नऊ वर्षं पडून होता. तो फेकून द्या म्हणून बायकोनं नऊ वर्षं भुणभुण लावली होती, आणि नऊ वर्षं तिला उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ते उत्तर आज मिळालं होतं.

चालेलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण बूड गेलेली बादली दाखवा, एका काडीचा चष्मा दाखवा, तीन पायांचं स्टूल दाखवा, हा माणूस एक डोळा बारीक करणार, मान तिरकी करणार आणि म्हणणार, "चालेल." लोकांनी तेच नाव ठेवलं. आणि खोटं कशाला बोला, ते स्टूल भिंतीला टेकवून खरंच चालत होतं. तिथूनच त्यांचा आत्मविश्वास वाढला.

शेडमधून टायर बाहेर निघाला तेव्हा त्यात दोन अंडी आणि एक रागावलेली कोंबडी निघाली. टायरच्या बाजूला वीतभर चीर होती, ती कुणीतरी तारेनं शिवली होती. रबरावर बारीक भेगा पडल्या होत्या, आणि आत हात घातला की एके ठिकाणी धागे बोटाला लागत होते.

"बघा, कसा टणक आहे!" चालेलराव म्हणाले.

सूनबाई उकिडवी बसून टायर बघत होती. ती या घरात येऊन वर्ष झालं होतं. सासऱ्यांचा गुडघा गेल्यापासून ट्रॅक्टर तीच चालवायची, कारण मुलाची कारखान्यात रोजची दिवसपाळी. तिचा नांगराचा एकही तास वाकडा जात नाही, हे चालेलराव गावभर सांगत. फक्त तिला सांगत नसत.

"बाबा, उद्या उताराचं रान नांगरायचंय," ती हळूच म्हणाली. "मी बसते तिथून हा टायर हातभर लांब असतो. हा मी नाही लावणार."

"अगं, तुझ्याच काळजीनं म्हणतोय. जुन्या टायरचं रबर म्हणजे काय असतं तुला माहिती नाही."

"तुम्हाला तरी काय माहिती?" बायको आतून ओरडली. "नऊ वर्षांत त्याला एकदा हात लावलाय का? कोंबडीला जास्त माहिती असेल!"

शेवटी ठरलं, टायरवाल्याला बोलवायचं. टायरवाला आला तो एक शब्द न बोलता टायरभोवती फिरला. भेगेत नख घातलं, ते निम्मं आत गेलं. तारेचे टाके बघून त्यानं कपाळावर हात मारला. आत हात घालून धागे चाचपले आणि उठून उभा राहिला.

"संपलाय."

"म्हणजे थोडाफार..."

"थोडाफार नाही. धागे दिसले की टायर संपला. बाजूची चीर शिवून जोडत नसते. आणि नख जातंय म्हणजे रबरात जीव नाही. ट्रॅक्टरला लावू नका, हवा भरू नका. कोंबड्या बसतात ना? त्यांना बसू द्या."

टायरवाला गेल्यावर चालेलरावांनी टायरवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "त्याचं दुकानच नव्या टायरचं आहे. तो दुसरं काय सांगणार?"

म्हणून त्यांनी दोन तटस्थ जाणकार बोलावले. एक शेजारचा वेल्डर, दुसरे निवृत्त बसड्रायव्हर. टायर तपासायचा म्हणजे आधी त्याला लाथ मारायची, ही तिकडची जुनी रीत. ड्रायव्हरसाहेबांनी बूट घालून सणसणीत लाथ मारली, कान लावला आणि म्हणाले, "आवाज भरीव आहे." वेल्डर स्लिपर घालून आला होता. त्यानंही तितक्याच जोरात मारली आणि अंगठा धरून अंगणभर एका पायावर नाचला.

"कसा वाटला?" चालेलरावांनी विचारलं.

"कडक आहे," वेल्डर दात आवळून म्हणाला.

दोन मतं बाजूनं पडली. पण सूनबाई काही बधेना. तेव्हा वेल्डरनं, अंगठा पाण्याच्या बादलीत बुडवल्या बुडवल्या, तोड काढली. "वाद कशाला? रिमवर चढवू, ट्यूब घालू आणि हवा भरू. जरा जास्तच भरू. जास्त भरून टिकला म्हणजे कमी भरल्यावर टिकणारच. हिशेब सोपा आहे."

या हिशेबात काहीतरी चुकत होतं, पण नेमकं काय ते दोघा जाणकारांना आणि चालेलरावांना दिसेना.

"टायरवाल्यानं हवा भरू नका म्हणून सांगितलंय," सूनबाई म्हणाली. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर तिनं अट घातली, "मग लांब नळीनं भरा. सगळे घरात, भिंतीमागे. टायरजवळ कुणी थांबायचं नाही."

"नाटकं!" चालेलराव म्हणाले, पण सगळ्यांच्या आधी घरात तेच गेले.

वेल्डरचा कॉम्प्रेसर खिडकीतून नळी सोडून सुरू झाला. स्वयंपाकघरात चार माणसं श्वास रोखून उभी होती, आणि बायको त्यांच्या मधून वाट काढत कांदा चिरत होती. टायर फुगला, ताठ झाला, बाजूची तार कुरकुरली. कॉम्प्रेसर बंद झाला. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, अर्धा तास गेला. टायर अंगणात आडवा पडून ऊन खात होता.

"बघितलंत?" चालेलराव छाती काढून बाहेर आले. "टायरवाल्याला बोलवा, दाखवा त्याला!"

मग काय, चहा झाला. ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्या बसच्या एका टायरची गोष्ट सांगितली, ती संपेना. आणि आनंदाच्या भरात चालेलराव कपबशी घेऊन सरळ त्या टायरवरच जाऊन बसले.

"बाबा, उठा तिथनं," सूनबाई म्हणाली.

"का? सिंहासन आहे माझं. गेली नऊ वर्षं या टायरनं या घरात शिव्या खाल्ल्या. आज त्याला न्याय मिळाला." त्यांचा आवाज भरून आला. "तुम्हा दोघांचे आभार मानावे तेवढे थोडे. वेल्डरभाऊ, तुमच्या अंगठ्याचे तर विशेष."

"बाबा, खरंच उठा."

"माझा चहा संपेपर्यंत मी उठणार नाही. वेल्डरभाऊ, कपात अजून ओता!"

सूनबाई टायरला वळसा घालून मागच्या बाजूला गेली, खाली वाकली, आणि सरळ झाली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. ती धावत घरात गेली. चालेलराव म्हणाले, "रुसली. होतं असं." तोवर ती दारात आली. हातात त्यांचा मोबाइल.

"बाबा, फोन! तुमचाच आहे, अर्जंट म्हणतायत!"

"कोण आहे?"

"नाव नाही सांगत. लवकर या, आत या, बाहेर आवाज येत नाहीये! काका, तुम्हालाही बोलायचंय म्हणे, तुम्हीही या! भाऊ, तुम्हीसुद्धा!"

तिघांनाही फोन म्हटल्यावर तिघेही उठले. चालेलरावांनी कपबशी टायरवर ठेवली, लंगडत ओटा चढून दोघांमागोमाग आत शिरले, फोन कानाला लावला.

"हॅलो? हॅलो, कोण बोलतंय? हॅ..."

धाडकन आवाज झाला! घराच्या काचा थरथरल्या. तारेचा एक तुकडा शेडच्या पत्र्यात घुसला, रबराची पट्टी वाळत घातलेल्या चादरीतून आरपार गेली, कोंबड्या छपरावर पोचल्या, आणि कपबशी कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही. रिम एकदा उडून पुन्हा तिथेच पडली. जिथे चालेलराव बसले होते, तिथे.

"एक मिनिट थांबा, ठेवू नका," चालेलराव फोनवर म्हणाले आणि मटकन खाली बसले.

बायको धावत आली, त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं, सगळं जागेवर आहे म्हटल्यावर तिनं आधी रडून घेतलं आणि मग जे तोंड सोडलं ते वेल्डर आणि ड्रायव्हरसाहेब फाटकाबाहेर जाईपर्यंत. चालेलरावांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. एक तर कानात शिट्टी वाजत होती, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या मनात एकच विचार होता.

"तो फोन!" ते म्हणाले. "तो फोन आला म्हणून मी वाचलो. देवमाणूस असणार तो. कोण होता?"

"बाबा, तो फोन..." सूनबाई म्हणाली.

"तू थांब. आधी त्याचे आभार मानू दे, मग बाकीचं."

"अहो बाबा, पण..."

"थांब म्हटलं ना!"

चष्मा गोंधळात कुठेतरी उडाला होता. पण यादीतला सगळ्यात वरचा नंबर, म्हणजे शेवटचा आलेला फोन, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बटण दाबलं. पलीकडे एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की पाणी शुद्ध करण्याच्या मशीनसाठी त्यांनी योग्य ठिकाणी फोन केलाय.

"ताई," चालेलराव दोन्ही हातांनी फोन धरून म्हणाले, "तुमच्यामुळे मी आज जिवंत आहे."

पलीकडून घाईघाईनं उत्तर आलं, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे की! ऐकू दे सगळ्यांना!" आणि त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. टायर, धागे, लाथा, हवा, सिंहासन, फोन. "लोक तुमचे फोन कापत असतील, ताई. मीही कापलेत. शिव्याही दिल्यात. पण आज तुम्ही केला नसता तर माझं नाव भिंतीवरच्या फोटोखाली असतं. देव तुमचं भलं करो."

मुलीनं नाक ओढल्याचा आवाज आला. "सर, दोन वर्षं इथे काम करतेय. मला कुणी आजवर असं बोललं नाही." मग ती अडखळली. "पण सर, खरं सांगू का? तुम्हाला आमचा फोन काल दुपारी गेला होता. आज आमची लाइन सकाळपासून बंद होती, आत्ता दहा मिनिटांपूर्वी सुरू झाली. आज आम्ही कुणालाच फोन केलेला नाही."

"पण वर तुमचाच नंबर आहे."

"म्हणजे आज तुम्हाला कुणाचाच फोन आलेला नाही, सर."

चालेलरावांनी फोन हळूच खाली घेतला. अंगणात सूनबाई झाडू घेऊन रबराचे तुकडे गोळा करत होती. तिनं एक मोठा तुकडा उचलला, चिरेच्या जवळचा. त्याचे धागे पिंजलेले होते. इथेच ती वाकली होती, आणि चेहरा उतरवून घरात पळाली होती. मघाशी दोनदा उठा म्हणाली होती. दोनदा.

त्यांना उठून तिच्याजवळ जायचं होतं. पण या घरात सासऱ्यानं सुनेचे आभार मानल्याचं कुणी कधी बघितलं नव्हतं, आणि समोर उभं राहून बोलायला लागले तर आवाज फुटेल, ही खात्री होती. त्यांनी बायकोला हाक मारून सुनेचा नंबर लावून घेतला आणि फोन कानाला धरला. अंगणात वाजला. सूनबाईनं झाडू ठेवून उचलला.

"हॅलो," चालेलराव ओट्यावरून म्हणाले, तिच्याकडे पाठ करून. "सूनबाई, मी बोलतोय."

"हो बाबा. बोला."

"फोन कुणाचा होता ते कळलं मला."

तिनं हातातला रबराचा तुकडा खाली ठेवला.

"पोरी, मी तुझं ऐकलं नाही. तरी तू मला वाचवलंस. त्या दोघांनाही. मी..." इथे आवाज फुटलाच. चालेलरावांनी फोन गच्च धरला, डोळे पुसले आणि मोठ्यानं घसा खाकरला. "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. टायरवाल्याकडे उद्या तू चल. तू म्हणशील तो टायर घेऊ. ऐकू येतंय ना? हॅलो? हॅलो?"

"बाबा, फोन मघाशीच कट झालाय," सूनबाई मागून, अगदी जवळून म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. "पण तुम्ही बोला. मी ऐकतेय."