सिस्टरबाईंची जांभळाची ओपीडी

जांभळाला नांदेडला रेफर करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या म्हणजे आमच्या शेजारच्या सिस्टरबाई.

जांभळाच्या दिवसांत तुम्ही किनवटला आमच्या गल्लीत आलात, तर त्यांच्या अंगणात हा तमाशा हमखास बघायला मिळेल. मधे परातभर जांभळं. भोवती आठ-दहा लेकरं मांडी घालून बसलेली, सगळ्यांची नखं तपासून झालेली. आणि खुर्चीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन सिस्टरबाई. लेकरू एकेक जांभूळ वर धरतं, बाई बघतात आणि निकाल देतात. "हे चांगलं हाय, ॲडमिट करा." "हे फुटायलंय, ह्याला आत्ताच्या आत्ता तोंडात डिस्चार्ज." आणि एखादं किडकं निघालं की मान हलवून म्हणतात, "न्हाई बाबा, ही आपल्या हातातली केस न्हाई. नांदेडला रेफर!" मग सगळी लेकरं एका सुरात "नांदेडलाऽऽ" करून ओरडतात आणि ते जांभूळ कुंपणापलीकडं बांधलेल्या शेळीकडं जातं. शेळी म्हणजे नांदेड. ती बिचारी कुठल्याच केसला नाही म्हणत नाही.

बाई सरकारी नर्स होत्या. तेहतीस वर्षं किनवटच्या जंगलातल्या गावागावांत पायी, सायकलीवर, बैलगाडीत बसून लेकरांना लसी टोचत फिरल्या. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या. एकट्याच राहतात. लग्न का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "टाइम कुठं होता? दर बुधवारी लसीकरण असायचं." जणू उरलेल्या सहा दिवसांत लग्नाला बंदीच होती!

रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांना सांगत बसतात. बाईंनी जॅमचा कारखाना काढला. विकायला नाही हं, वाटायला. उन्हाळा आला की त्या घरोघरी फिरतात. चहा घेत नाहीत, बसत नाहीत. दारातूनच विचारतात, "काचेची बरणी रिकामी झाली का?" लोणच्याची, कॉफीची, मधाची, कसलीही चालते. झाली नसेल तर असं बघतात, की आपण उरलेलं लोणचं वाटीत काढून बरणी धुऊन देतो. मी दिली आहे ना! म्हणून सांगते.

आणि त्या बरण्यांचं पुढं काय होतं म्हणता? मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं, त्यावर बरण्या पालथ्या, आणि घड्याळ लावून वीस मिनिटं खळखळ उकळी. लेकरांनी फरशीवर खडूनं आखलेल्या रेषेमागं उभं राहायचं. रेषेवर अंगठा आला तरी बाहेर. बाई लांब चिमट्यानं एकेक बरणी उचलून उन्हाकडं धरून बघतात. "पहिले आम्ही सुया अशाच उकळायचो," हे वाक्य प्रत्येक बरणीमागं एकदा येतं. मग चाळणीवर जांभळं चोळायचं काम लेकरांचं. कोपरापर्यंत जांभळी होतात नुसती! गर, साखर, लिंबू, आणि जॅम झाला की नाही हे बघायला थंड ताटलीवर एक थेंब. थेंब ओघळला की "अजून ताप उतरला न्हाई." थेंब जागेवर बसला की टाळ्या.

प्रत्येक बरणीला चिठ्ठी असते. बॅच नंबर, तारीख, जांभळं कुणी वेचली त्या लेकराचं नाव, आणि खाली ठसठशीत अक्षरात, "मुलांच्या हाताला सहज लागेल अशा ठिकाणी ठेवणे."

आता इतकं सगळं छान, तर अडचण काय? अडचण माझी लेक. गौरी.

दीड वर्षाची असताना गौरीला बाईंनीच बूस्टर टोचला होता. एवढ्या लहान लेकराला काही आठवत नसतं म्हणतात. म्हणोत. माझ्या लेकीला आठवतं. बाईंचा आवाज भिंतीपलीकडून आला तरी ती माझ्या साडीत शिरायची. साडेचार वर्षांची झाली, तरी गल्लीतली सगळी लेकरं बाईंच्या अंगणात नि ही माझ्या काखेत. बाईंना ते इतकं लागायचं की विचारू नका. बाकी आठ-दहा लेकरं येतात त्याचं काही नाही, हे एक येत नाही त्याचं. रोज मला विचारायच्या, "उदगीरवाले, आज तरी आणतीस का गं तिला? मी काय खाऊन राहिले का तिला?" मी उदगीरची, म्हणून मला उदगीरवाली म्हणतात. परातीशेजारी एक छोटा पाट त्यांनी गौरीसाठी म्हणून राखून ठेवला होता. दुसरं लेकरू बसलं की उठवायच्या.

त्या वर्षी मी ठरवलं, यंदा हे मिटवायचंच. बाई लेकरांना घेऊन जंगलातल्या बंजारा तांड्यावर जांभळं वेचायला निघाल्या, तेव्हा गौरीला काखेत मारून मीही जीपमध्ये चढले. ती पुढं बसलेल्या बाईंकडं पाठ करून बसली ती उतरेपर्यंत.

तिथल्या हिरामणदादा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर हे थोरलं जांभळाचं झाड. नुसतं लदलेलं! लेकरांनी जीपमधूनच आरोळ्या ठोकल्या. बाई उतरल्या, पदर खोचला आणि खांद्याला डबा अडकवला.

हा डबा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. जांभूळ उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून बाई ते बर्फात घालून आणतात. आणि त्यासाठी त्यांनी डबा कुठला घ्यावा? लसीचा असतो ना निळा डबा, पांढऱ्या झाकणाचा, खांद्याला पट्टा असलेला? नोकरीतला सरकारजमा केला आणि हुबेहूब तसाच नांदेडहून विकत आणला! म्हणे हाताला सवय आहे.

बाई तो डबा घेऊन, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, तांड्याच्या वाटेनं चालायला लागल्या आणि पहिली किंकाळी ऐकू आली. "सुईवाली आली रेऽऽ!"

अहो, काय पळापळ झाली! कुणी गोठ्यात, कुणी कडब्याच्या गंजीमागं. एक उघडं पोर तर आमच्या जीपखालीच शिरलं. एक बाई घाईघाईनं बाळाला काखेत घेऊन, दुसऱ्या हातात लसीचं कार्ड घेऊन पळत आली. "बाई, ह्याचा एक राहिलाय!" वरून म्हणते, "आज बुधवार नसताना कशा काय आलात?" मला हसून हसून ठसका लागला. तेवढ्यात वर बघते तर काय, सहा-सात पोरं जांभळाच्याच झाडावर जाऊन बसलेली!

बाईंचा चेहरा पांढरा झाला. जांभळाची फांदी किती ठिसूळ असते, ठाऊक आहे ना? कडाड म्हणाली की गेली. बाई धावतच झाडाखाली गेल्या. "उतरा रे! उतरा खाली! फांदी मोडंल!" पोरं आणखी वर. "अरे न्हाई रे टोचत मी! रिटायर झाले मी!" पोरं आणखी वर. रिटायर म्हणजे काय हे त्यांना काय कळतंय? बाईंनी डबा उघडून उलटा केला. त्यातून बर्फाची पाकिटं पडली, ती बघून तर एक पोर शेंड्यालाच गेलं. लसीबरोबर तीच पाकिटं असतात ना!

मग बाईंनी डबा तिथंच ठेवला. "मी हाय तोवर ते उतरणार न्हाईत," असं म्हणून लांब वाटेच्या कडेला, झाडाकडं पाठ करून एका दगडावर जाऊन बसल्या. मी मागं गेले. बाईच बोलल्या.

"तेहतीस वर्षं लेकरं मला बघून पळाली गं. माय मारती, बाप मारतो, तरी लेकरू त्याहींच्याच गळ्यात पडतं. मी एक डाव टोचलं की जन्माची वैरीण. तवा वाटायचं, पळूं दे, जगतील तर खरं. पण म्हटलं, रिटायर झाल्यावर तरी थांबतील. ह्याच्यासाठी तर हे जॅमबीम हाय सगळं. मला कुठं गोड चालतंय? शुगर हाय मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आतापर्यंत तुम्हाला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. गौरीला दीड वर्षाचं काही आठवत नव्हतंच. तिला जे आठवत होतं ते माझं होतं. "जेव मुकाट्यानं, नाहीतर सिस्टरबाईंना बोलावते." "झोप, नाहीतर सिस्टरबाई सुई घेऊन येतील." रोज, तीन वर्षं. त्यांच्याच भिंतीला भिंत लागून. तांड्यावरच्या आयांनी तरी वेगळं काय केलं असणार? मी बाईंना ते तिथल्या तिथं सांगून टाकलं. वाटलं, आता बोलणं बंद. बाईंनी उलट विचारलं, "मग? जेवायची का नीट, माझं नाव घेतल्यावर?"

"हाव," मी म्हटलं.

"चल, तेवढं तरी झालं," म्हणाल्या. मला तर रडूच आलं.

तिकडं झाडाखाली ओरडा झाला म्हणून मागं वळून बघितलं. गौरी माझ्या हातातून कधी सुटली होती कुणास ठाऊक. ती त्या निळ्या डब्यात कंबरेपर्यंत वाकली होती. तळाला चिकटलेली पिशवी तिनं ओढून काढली. आत शेंगदाण्याचे लाडू. बाईंनी लेकरांसाठी आणलेले. एक लाडू तोंडात कोंबून तिनं वर बघून ओरडून सांगितलं, "सुई नाही! लाडू हाय! खाली या!"

फांद्यांवर थोडी चर्चा झाली. मग एक उतरलं, मग दुसरं, मग धपाधप सगळी. बाईंनी दगडावरूनच न वळता विचारलं, "उतरले का समदे? मोजून सांग." मी मोजून सात सांगितले, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढची दुपार म्हणजे नुसता उत्सव! मोठी माणसं काठीनं झाड झोडपताहेत, आमची आणि तांड्यावरची लेकरं जुन्या साडीची टोकं धरून इकडून तिकडं पळताहेत, जांभळं टपटप झेलताहेत. साडीत कमी, तोंडात जास्ती. सगळ्यांच्या जिभा जांभळ्या. दिवस कलेपर्यंत डबा, बादली आणि माझ्या जेवणाच्या डब्यासकट सगळं भरलं. बाई मात्र लांबच उभं राहून सूचना देत होत्या. गौरी त्यांच्याजवळ गेली नाही. पण जीपमध्ये येताना तिनं पाठही केली नाही.

दुसऱ्या दिवशी जॅमला ती माझं बोट धरून बाईंच्या अंगणात आली आणि त्या पाटावर बसली. बाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, मुद्दाम. नुसतं हवेत म्हणाल्या, "कुणाची नखं बघायची राहिली का?" बऱ्याच वेळानं एक छोटा हात पुढं आला. बाईंनी ती दहा नखं इतका वेळ तपासली, की चुलीवरचा जॅम खाली लागला. सगळी बॅच शेळीला गेली.

पावसाळ्यात गौरीला पाच पूर्ण झाली आणि पाच वर्षांचा बूस्टर आला. यावेळी मी खोटं बोलले नाही. सुई आहे, दुखेल, म्हटलं. गौरीनं विचारलं, "सिस्टरबाई देणार?" म्हटलं, नाही, आता नवीन सिस्टर आहेत. तर हात झाडून म्हणाली, "मग सिस्टरबाईंना संग घे. नाहीतर मी न्हाई येत."

बाई नेमक्या वेळेला दारात. पुन्हा इस्त्रीची पांढरी साडी. दवाखान्यात गौरी सरळ जाऊन त्यांच्या मांडीवर बसली आणि गळ्यात हात टाकून खांद्यात तोंड खुपसलं. नवीन सिस्टर बाईंच्याच हाताखाली शिकलेली, ती घाबरून घामाघूम. मला वाटलं, बाई आता तिला दहा चुका काढून दाखवणार.

सुई पुढं आली आणि बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. गौरी एकदा "आई गं" म्हणाली आणि थांबली. सुई निघाली, कापूस लागला, तरी बाईंचे डोळे मिटलेलेच.

"मॅडम, झालं," नवीन सिस्टर म्हणाली. "उघडा ना डोळे."

बाईंनी काही उघडले नाहीत. गौरी मांडीवरच वळून बसली आणि दोन्ही हातांनी बाईंचा दंड चोळायला लागली.