सिंहाशेजारी वामकुक्षी

मोरोपंत वकील कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीत आफ्रिकेला निघाले, ही बातमी अकोल्यात त्यांनी स्वतःच पसरवली. मेहुणा रविकांत मोंबासाच्या बंदरात नोकरीला होता आणि बहिणीला एकदा आपलं घर दाखवावं असं त्याच्या मनात होतं. म्हणजे बोलावणं खरं तर त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना होतं. पण हा बारकावा मोरोपंतांनी बाररूममध्ये उघड केला नाही. तिथे त्यांनी सांगितलं, की आपण सिंह पाहायला चाललो आहोत.

"पाहून यान अन् वर्षभर आमाले सांगत बसान," वामनराव वकील पानाला चुना लावत म्हणाले. "फोटो आना, तवा मानू."

"सिंहाच्या बाजूले उभा राहून काढतो फोटो."

साक्षीदार भरपूर होते. शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही.

देवमन फोटोवाल्याकडून डबा कॅमेरा मागून आणला. प्रत्येक फोटोत आपण असलंच पाहिजे, असा मोरोपंतांचा आग्रह. तेव्हा खटका दाबणार कोण? त्यांनी अनसूयाबाईंना अंगणात उभं करून आठवडाभर शिकवलं. जिला घरातल्या रेडिओला हात लावायची बंदी होती, त्या बाईच्या हाती कॅमेरा आला, तो असा.

मोंबासाला पोहोचल्यावर रविकांतने एका कंपनीची जीप ठरवून दिली आणि जीपबरोबर वाटाड्या ओमारी. तो त्याच किनाऱ्यावर वाढलेला, गुजराती दुकानात काम करून हिंदी शिकलेला, उंच आणि अबोल माणूस. त्याने आधी किनारा दाखवला. समुद्र असा हिरवा-निळा, की अनसूयाबाईंना मोराची मान आठवली. वाळू पिठासारखी पांढरी. त्यांनी ती नुसती मुठीत धरून सोडून पाहिली. मोरोपंतांनी वाळूत उभं राहून फोटो काढून घेतला.

मग वाळवंट लागलं. तांबडी माती, काटे, पानाचं नाव नाही. मोरोपंत खूश झाले. हे तर आपल्या मे महिन्यासारखंच आहे, म्हणाले, आणि दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळला. भल्यामोठ्या खोडाची झाडं आली, ती आपलीच गोरखचिंच निघाली. पाणी नसलं की हत्ती हिचं खोड फोडून ओलावा चघळतात, हे ओमारीने सांगितलं, तेव्हा अनसूयाबाईंनी जीप थांबवायला लावून त्या झाडाला हात लावला. मोरोपंतांनी तिथेही फोटो काढवून घेतला. वारुळापाशी एक आणि शहामृगाबरोबर एक. त्यातला शहामृग खटक्याआधीच पळाला.

अभयारण्यात पोहोचेपर्यंत रीळ संपत आलं. तिथे काय नव्हतं? ढगांच्याही वर पांढरं डोकं काढून बसलेला पहाड होता. पाणी पिण्यासाठी पुढचे पाय फाकवून वाकणारा जिराफ होता, आणि पिलाला पोटाखाली घेऊन रस्ता ओलांडणारी हत्तीण. ओमारी दुरून बोट दाखवी, मग कितीतरी वेळाने यांना दिसे. अनसूयाबाई त्या नजरेला मनोमन हात जोडत. फक्त सिंह दिसेना. शेवटचा दिवस उजाडला, रिळात एकच फोटो उरला आणि मोरोपंतांचा चेहरा केस हरल्यासारखा झाला.

"वामनरावाले काय सांगू?" ते म्हणाले.

अनसूयाबाईंना त्या दिवशी दुसरीच रुखरुख लागली होती. या माणसाने आपल्याला इतकं दाखवलं, आणि आपण त्याला आपल्या हातचं काही खाऊ घातलं नाही. भावजयीने बांधून दिलेली कणीक, तूप आणि वांगी होती. मुक्कामाच्या शेकोटीत सकाळी निखारे होते. त्यांनी रोडगे भाजले.

दुपारी एका बाभळीसारख्या झाडाजवळ जीप थांबवून तिघेही आत बसून जेवले. जीपमधून उतरायचं नाही आणि आवाज करायचा नाही, हे ओमारीचे दोन नियम. खाण्याबद्दल त्याचा काही नियम नव्हता. एक रोडगा झाल्यावर तो बस म्हणाला. वऱ्हाडात बस म्हटल्यावर वाढायला सुरुवात होते, हे त्याला कोण सांगणार? ताटावर आडवा हात धरायचा असतो, हेही त्याला माहीत नव्हतं. अनसूयाबाईंनी तूप ओतलं, आणखी एक फोडला, माझ्या हातचा म्हणून एक, भावजयीच्या नावानं एक. सभ्य माणूस, खात गेला. थोड्या वेळाने त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं. शेजारी मोरोपंतांची वामकुक्षी आधीच सुरू झाली होती. मान खिडकीवर, तोंड उघडं आणि दुपट्ट्याचं टोक बाहेर लोंबतंय.

मग गवत हललं आणि सिंह आला.

तो घाईत नव्हता. जीपची सावली त्याने पाहिली, मोरोपंतांच्या खिडकीखाली आला आणि एखाद्या जमीनदारासारखा अंग टाकून आडवा झाला. मागोमाग सिंहीण आली आणि एक पिल्लू.

अनसूयाबाई मागच्या खिडकीत थिजल्या. ओमारीला हलवावं तर तो दचकून उठेल. नवऱ्याला उठवावं तर तो "कोन आहे बे?" असं ओरडल्याशिवाय कधी उठलाच नाही. डोळे मात्र सिंहावरून हटेनात. ती आयाळ, मोहरीच्या तेलासारखे ते डोळे, माशी बसली की हलणारा कान. पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैलही इतका देखणा त्यांनी पाहिला नव्हता.

तेवढ्यात पिल्लाने दुपट्ट्याचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

"बंडू, सोड ना बे," मोरोपंत झोपेतच आपल्या नातवावर खेकसले आणि त्यांनी दुपट्टा हिसकला.

सिंहाने मान वर केली. अनसूयाबाईंनी देवाचं नाव घेतलं, कॅमेरा खिडकीबाहेर धरला आणि शिकवल्याप्रमाणे श्वास रोखून खटका दाबला. सिंहाचा कान वळला. त्याने मोरोपंतांकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा डोकं टेकलं.

ऊन उतरल्यावर सिंहाचं कुटुंब उठून गेलं. ओमारी जागा झाला, त्याने जीपभोवतीचे ठसे पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कामावर झोपल्याचं कंपनीत कळलं, तर त्याची नोकरी जाणार होती. त्याने अनसूयाबाईंकडे पाहिलं.

"रोडगे माझे होते," त्या हळूच हिंदीत म्हणाल्या. "मी कोणाला सांगणार नाही."

मोरोपंत उठले ते विचारतच, "दिसला का?" ओमारीने मान खाली घातली. अनसूयाबाईंनी डबे आवरले.

अकोल्यात परतल्यावर मोरोपंतांनी बाररूमला जायचं टाळलं. शेवटी गेले, ते हार कबूल करायलाच. पण देवमनने रीळ धुऊन तो फोटो आधीच दुकानाच्या काचेत लावला होता आणि निम्मं कोर्ट तिथून होऊन आलं होतं. वामनराव उठून उभे राहिले.

"मोरोपंत, उभा राहतो म्हनले होते. तुमी तर झोपून दाखवलं."

मोरोपंत देवमनकडून फोटो घेऊन तडक घरी आले. दुपार होती. अनसूयाबाईंनी सगळं सांगितलं, ओमारीचंही. आता मधे समुद्र होता, ओमारीच्या नोकरीला धोका नव्हता.

"मले उठवलं काहून नाही?"

"तुमी उठले असते, तर सिंहही उठला असता."

मोरोपंत फोटोकडे पाहत राहिले. "म्हंजे मी सिंह पाह्यलाच नाही."

"नाही. पण त्यानं तुमाले पाह्यलं. चांगलं बारकाईनं."

अंथरूण घातलेलं होतं, पंखा चालू होता. मोरोपंतांनी खुर्ची ओढून बायकोसमोर घेतली.

"कसा होता वं?" त्यांनी विचारलं.

अनसूयाबाईंनी कानापासून सुरुवात केली. त्या दुपारी मोरोपंत झोपले नाहीत.