हरेश्वरकाका आणि स्कॉटलंडचा डंकन

हरेश्वरकाका सख्ख्या बहिणीकडून घेतलेले बोंबीलही नाकाशी नेऊन बघत. दांडीच्या कोळीवाड्यातून टोपली घेऊन आलेली ही बहीण, आमची गोमतीमावशी, कपाळाला हात लावायची. "आयचं दूध पन असाच हुंगून प्यालास काय रं?"

बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. ते एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. सुटीच्या वेळी कामगारांचे डबे उघडून बघत. "चाचा, डिब्बे में मशीन ले जाएँगे क्या?" असं कुणी विचारलं की म्हणत, "मशीन नाय जात. नट जातो." घरात तर ते कुणालाच घेत नसत.

मला मात्र दर रविवारी सकाळी त्यांच्या दाराबाहेर स्टूल मिळे. रेडिओ आत, मी बाहेर. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून फुटबॉलच्या बातम्या समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. शिवाय मी फारशी बोलत नसे, ते त्यांना पसंत होतं. "कमी बोलतं त्ये मानूस खोटं पन कमीच बोलतं."

बातम्यांत त्यांना एकच नाव हवं असे : डंकन. तरुणपणी काका मालवाहू जहाजावर होते. तापाने आजारी पडले, तेव्हा जहाज त्यांना स्कॉटलंडमधल्या एका इस्पितळात सोडून पुढे गेलं. शेजारच्या खाटेवर गुडघा मोडलेला, मिसरूड फुटलेला डंकन होता. त्याची आई दोघांसाठी सूप आणायची. पुढे डंकन मोठ्या क्लबात गेला, मिडफिल्डर झाला, देशाकडूनही खेळला, असं काका सांगत.

"थापा," बाबा म्हणत. मलाही तसंच वाटे. पण एका रविवारी ते नाव खरंच रेडिओवर आलं आणि मी स्टुलावर दचकले.

"गोल मारतो त्याचं काय कवतिक?" काका म्हणाले. "बॉल आनून कोन देतो? मधला. मी इश्वास ठेवला तर मधल्यावर."

त्या वर्षी डंकनचा गुडघा पुन्हा गेला. तो परत खेळणार का, एवढीच काकांना धास्ती होती. मी निकाल सांगायला लागले की म्हणत, "हारजीत राहू दे. गुडगा बोल."

आणि एका रविवारी ती बातमी आली : गुडघा बरा होण्यासारखा नाही, डंकनने खेळ सोडला.

"खोटं बोलतो त्यो," काका म्हणाले. "पुन्हा ऐक."

"रेडिओवर पुन्हा ऐकता येत नाही, काका."

त्यांनी रेडिओ बंद केला. दुपारी ते प्रत्येकाच्या दारावर गेले आणि म्हणाले, "माज्याकडं जेवायला या."

बिल्डिंग हबकली. "कसल्या तरी सह्या करून घ्यायच्या असतील," बाबा पुटपुटले. तरी उत्सुकतेने सगळे गेले. खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. आत गोमतीमावशी कालवण ढवळत होती. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

शेवटी तिनेच बाहेर येऊन उलगडून सांगितलं. "आमच्याकडं मानसानं कायमची बोट सोडली ना, की त्या दिवशी त्याला एकट्याला जेवू देत नाय. संगतीची मानसं घरी येतात, पोटभर जेवतात."

"तिकडं ही रीत नाय," काका आमच्याकडे न बघता म्हणाले. "मंग त्यानं आज एकट्यानंच जेवायचं?"

बाबांनी मुकाट्याने पहिला घास घेतला.

मी भाताचं पातेलं आणायला आत गेले. मागोमाग आलेल्या मावशीला हळूच विचारलं, "काका जहाज सोडून आले, तेव्हा कोण आलं होतं जेवायला?"

तिने पदराने हात पुसले. "कोन नाय, बाय. जहाज पुढं गेलं न हा एकटाच परत आला. लोकांनी ठरवलं, कायतरी चोरून पळाला. मग कोन येतो?"

बाहेर बाबांचं जेवण आटोपत आलं होतं. काका त्यांच्या ताटात पुन्हा कालवण वाढत म्हणत होते, "सावकाश जेवा. एवड्यात उठू नका."