मानेवरील बाब विचाराधीन

शाळेत ‘स्वतःला स्वीकारा’ सप्ताह जाहीर झाला आणि समारोपाच्या भाषणासाठी नववीतल्या एका मुलीची निवड झाली. घरीदारी तिला तोफ म्हणत. गेल्या वर्षापर्यंत ती इतकं हळू ‘हजर’ म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. यंदा तिला एकाएकी कंठ फुटला होता आणि तो बंद कसा करायचा, हा घरच्यांपुढचा प्रश्न होता. भाषणाचा विषय होता ‘मी आहे तशी सुंदर आहे’. तोफेने ते आरशाला ऐकवलं, भिंतीला ऐकवलं, झोपलेल्या आजोबांना ऐकवलं आणि शेवटी मैत्रिणीकडून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून घेतला.

मैत्रिणीने तो पाहिला. “कडक बोललीस गं! अंगावर काटा आला. फक्त ते मानेवर काय लोंबतंय?”

कॉलरच्या जरा वर, तिळापेक्षा थोडी मोठी, नाजूक देठाची एक चामखीळ होती. ती बहुधा कित्येक महिन्यांपासून तिथे मुक्कामाला होती. पण तिची अधिकृत नोंद झालेली नसल्यामुळे ती नाही असं समजायला हरकत नव्हती. आता नोंद झाली. स्वतःला आहे तसं स्वीकारायचं तर आधी जरा नीट दिसायला नको का? सबब ही किरकोळ दुरुस्ती समारोपाआधी उरकावी, असा ठराव तोफेने मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला, कारण मतदार ती एकटीच होती.

बाब स्वयंपाकघरात चर्चेला आली.

“कपडा घासतो तिथे होतात गं. मलाही आहेत,” आई म्हणाली. “काही करत नाहीत बिचाऱ्या.”

बाबांनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. “लसूण चोळा, व्हिनेगर लावा, वर केळ्याची साल बांधा...”

“अहो, काढायचीये की मुरवायचीये?”

तेवढ्यात मावशी आली. कोणत्याही आजाराचा मावशीला स्वतःला अनुभव नसला तरी तिच्या शेजारणीला हमखास असे. “दोरा बांधायचा घट्ट. आपोआप गळून पडते. माझ्या शेजारणीची नाही का पडली!”

“डॉक्टरांना दाखवू या ना,” आई म्हणाली.

“एवढ्याशा गोष्टीला डॉक्टर? हसतील लोक!”

लोक हसू नयेत म्हणून न्हाणीघरात दोरा बांधण्यात आला. चामखीळ पडली नाही. ती रागावली. आधी जांभळी झाली, मग वाटाण्याएवढी फुगली, भोवतीची कातडी लाल झाली. आधी ती फक्त मोबाइलला दिसत होती. आता शेवटच्या बाकावरूनही दिसली असती.

“विचार तुझ्या शेजारणीला,” आई दात ओठ खात म्हणाली.

मावशीने फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “माझी कुठे? माझ्या नणंदेच्या ऑफिसातल्या बाईंची. आणि पडली की नाही ते विचारायचं राहूनच गेलं बघ.”

मग डॉक्टरबाई. त्यांनी आधी दोरा कापला, नंतर सगळ्यांना रीतसर झापलं. “निरुपद्रवी गोष्ट होती. उपद्रव तुम्ही केलात. रंग बदलला, रक्त आलं, झपाट्याने वाढली तर दाखवायचं, बाकी घाबरायचं कारण नसतं. नकोच असेल तर कापता येते, गोठवता येते, जाळून काढता येते, पण ते आम्ही करायचं, मावशीने नाही. आता आधी हा संसर्ग बरा होऊ दे. आणि अजून एक पर्याय असतो. काहीच न करण्याचा.”

“त्याला किती वेळ लागतो?” तोफेने विचारलं.

“काहींना जन्म लागतो,” म्हणत डॉक्टरबाईंनी अर्ध्या मानेवर पांढरीशुभ्र पट्टी चिकटवली.

समारोपाच्या दिवशी मंचावर तोफेचा, तिच्याच उंचीचा फलक उभा होता. वर ठळक अक्षरांत, ‘मी आहे तशी सुंदर आहे’. फोटोवाल्याने स्वच्छतेच्या दृष्टीने तिची चामखीळ पुसली होती, मुरुमं पुसली होती आणि हात फिरतोच आहे म्हणून बाहेर आलेला एक कान आत घेतला होता.

शिस्तीच्या बाईंनी फलक पाहिला, पट्टी पाहिली. “हे जुळत नाही.”

“बाई, ती मीच आहे!”

“असशील. पण फलक मंजूर झालाय, तू झालेली नाहीस. पाहुण्यांना एका नावाच्या दोन मुली कशा दाखवणार?”

“मग स्कार्फ बांधू?”

“गणवेशात बसत नाही. शिवाय या सप्ताहात काही झाकलेलं बरं दिसत नाही.” बाईंनी क्षणभर विचार केला. “असं कर, फलकामागे उभी राहा. आवाज तुझा, बाकीचं फलकाचं. जमत नसेल तर तुझ्या मैत्रिणीला सांगते. तिची मान स्वच्छ आहे.”

“मला भाषण पाठ आहे, बाई,” मैत्रीण तत्परतेने म्हणाली. “ऐकून ऐकून झालंय.”

खरं तर तोफ इथे धडाडायला हवी होती. शब्द सगळे तयार होते, विषयही तोच होता. ती म्हणाली, “माइकची वायर मागेपर्यंत पुरेल ना?”

पुरली. फलकामागे, डोकं वरून दिसू नये म्हणून गुडघे वाकवून, तोफ गरजली, “मला कुणापासून लपण्याचं कारण नाही!” फलक थरथरला. पुढच्या रांगेतल्या आया डोळे पुसू लागल्या. प्रमुख पाहुणे फलकाकडे एकटक बघत म्हणाले, “काय आत्मविश्वास आहे या मुलीच्या चेहऱ्यावर!” पुष्पगुच्छ फलकाच्या पायाशी ठेवण्यात आला. टाळ्या थांबेनात, म्हणून मागून तोफेनेही थोड्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी बदलायला गेली, तर दवाखान्यात बसायला जागा नव्हती. पुढची रांग जशीच्या तशी तिथे आली होती. आया होत्या, मासिकाआड शिस्तीच्या बाई होत्या, आणि कॉलर वर केलेले प्रमुख पाहुणे होते.

“कालचं भाषण फार लागलं हो,” पाहुणे शेजारच्या आईला सांगत होते. “म्हटलं, आपणही स्वतःला स्वीकारून टाकावं. फक्त आधी या दोन-तीन काढून घेतो.” मग त्यांची नजर तोफेच्या पट्टीकडे गेली. “तू नव्हतीस का काल? तुझ्याच वयाची मुलगी होती. शीक जरा तिच्याकडून.”

“हो काका,” तोफ म्हणाली, “फारच धीट आहे ती.”

तुम्ही अर्थात त्या रांगेतले नाही. तुम्ही हे सगळं मजेत, हसत हसत वाचलंत. आता मानेवर चाचपडणारा तो हात तेवढा खाली घ्या. लोक बघताहेत.