काच साधीच घाला

आमच्या हेडक्लार्कने जे जे निर्णय पाच मिनिटांत घेतले, त्यांनी त्याला पुढे पाच-पाच वर्षं छळलं. (लग्न त्यात धरू नका, तो निर्णय त्याने घेतलाच नव्हता.) हा निर्णय तर त्याने दाढी करता करता घेतला. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन दहा वाजता. त्याआधी डोळ्यात थेंब घालून दोन तास नुसतं बसवून ठेवणार. हॉस्पिटलच्या समोरच गाड्यांच्या काचांचं दुकान. मग त्या दोन तासांत गाडीची पुढची काच बदलून घेतली तर काय बिघडलं?

काच बदलणं भाग होतं. तीन महिन्यांपूर्वी खडीच्या ट्रकमागून जाताना एक खडा टणकन उडाला आणि काचेवर नखाएवढा तडा गेला. बायको म्हणाली, "आत्ताच दाखवून घ्या." हेडक्लार्क म्हणाला, "बघू." त्याच्या ऑफिसात कागदावर 'बघू' असं लिहिलं की कागद दोन वर्षं गप पडून राहतो. काच पडून राहिली नाही. तडा रोज थोडा थोडा सरकत या टोकापासून त्या टोकाला गेला, आणि आदल्या दिवशी कोपऱ्यातला एक तुकडाच निखळला. आता त्या भोकातून येणारा धुळीचा वारा ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर घ्यायचा का? म्हणजे हे सगळं त्याने सासऱ्यांसाठीच केलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर कोणी विश्वास ठेवला नाही.

सासऱ्यांचं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी काच कापली. त्यामुळे ज्याच्या आरपार दिसतं त्या प्रत्येक वस्तूला त्यांच्याकडे एकच शब्द होता. चष्मा म्हणजे काच, भिंग म्हणजे काच, आणि मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवतात ती लेन्स म्हणजेही काचच. घरातही तोच शब्द रुळला होता. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्यात अशी 'काच' बसवली होती. चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, दहाव्या दिवशी सुजून बंद झाला, आणि महिनाभराने तो गेलाच. "शंभरात एखाद्याचं असं होतं," त्या वेळचा डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाला. तो एखादा घरी आला आणि त्याने पुन्हा त्या डॉक्टरचं नाव काढलं नाही.

आता उजवाही धूसर झाला होता. सासरे चहा कपाच्या बाहेर ओतायचे आणि कोणी बघायच्या आत बाहीने पुसून टाकायचे. सगळे बघत होते. लेकीने आठ महिने मिनतवाऱ्या केल्या. शेवटी ते एवढंच म्हणाले, "हाही गेला तर मी तुमच्या घरात चाचपडत फिरणार. चालेल का, ते दोघांनी आधी ठरवा." लेक रडली. जावई म्हणाला, "आम्ही आहोत ना बाबा!" (तोंडात टूथब्रश होता, त्यामुळे वाक्याचं वजन थोडं कमी झालं.)

तर सकाळी आठला हेडक्लार्कने बापलेकीला हॉस्पिटलच्या दारात सोडलं, गाडी समोर नेली, आणि काचवाल्याने प्रश्न टाकला, "कंपनीची ओरिजनल घालू, का साधी?"

"फरक काय?"

"ओरिजनलवर कंपनीचा शिक्का असतो."

"आणि साधीवर?"

"नसतो." काचवाल्याने हेडक्लार्ककडे, मग गाडीकडे, मग पुन्हा हेडक्लार्ककडे पाहिलं. "माझं विचाराल तर या गाडीला ओरिजनल म्हणजे म्हातारीला सोन्याचे दात. पण घरी विचारून घ्या. कागद मॅडमच्या नावावर आहेत ना? मॅडमच्या मोबाईलवर मेसेज गेलाय आमचा."

आणि तेवढ्यात मॅडमचाच फोन आला. हेडक्लार्कला वाटलं, काय सर्व्हिस आहे बघा!

"अहो, काच कुठली घालायची विचारतायत. कंपनीची का साधी?"

"साधीच घालायला सांग."

"साधी? अहो, पण..."

"अगं, कंपनीची कशाला? किती दिवस काढायचेत आता?"

पलीकडे शांतता पसरली. हेडक्लार्कच्या आयुष्यात बायको गप्प ऐकून घेतेय असा योग फार कमी वेळा आला होता. त्याला चेव चढला.

"स्पष्टच सांगतो. मॉडेलच जुनं. सगळे सांधे खिळखिळे झालेत. सकाळी सुरू व्हायला अर्धा तास, जरा चढ आला की धाप लागते, खालून गळतं ते वेगळंच. त्यात दिवा एकच. दुसरा केव्हाच गेलाय. समोरचं जेमतेम दिसलं म्हणजे झालं, कुठे लांब जायचंय आता?"

"अहो, हळू बोला! फोन स्पीकरवर आहे, माझ्या हातात फॉर्म आहे. बाबा ऐकतायत!"

"ऐकू देत की! त्यांना काय माहीत नाही? फार तर दोन वर्षं. मग भंगारवाल्याला बोलवायचं आणि मोकळं व्हायचं."

आता यात मराठी भाषेनेही थोडा दगा दिला. तो 'गाडी' म्हणाला असता तर पुढे 'जुनी झालीय, गेलीय' आलं असतं आणि बायको काय ते समजली असती. पण त्याला नेमका त्या दिवशी 'मॉडेल' हा शब्द सुचला. त्याने फोन ठेवला, काचवाल्याला ऐटीत "साधी!" म्हणून सांगितलं आणि पेपर उघडला.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. या वेळी बायको रडत होती.

"या आता इकडे. झालं तुमच्या मनासारखं. बाबा ऑपरेशन नको म्हणून उठून गेले."

"का?"

"का?" ती एवढ्या जोरात ओरडली की काचवाल्यानेही मान वर केली. "एकच दिवा म्हणालात त्यांना! भंगारवाल्याला बोलवू म्हणालात! सिस्टरसमोर!"

हेडक्लार्कच्या डोक्यात प्रकाश पडायला साधारण तीन सेकंद लागले. तो पडल्यावर त्याला वाटलं, नसता पडला तर बरं झालं असतं. तो रस्ता कसा ओलांडून गेला ते त्याला आजही आठवत नाही.

सासरे दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसले होते. अंगात हिरवा झगा, डोक्यावर कागदी टोपी, थेंबांनी उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली. समोर कोण उभं आहे ते त्यांना दिसत नव्हतं, पण चपलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"या जावईबापू. भंगारवाला आला का बरोबर?"

"बाबा, शपथेवर सांगतो, मी गाडीबद्दल बोलत होतो!"

"गाडीला सांधे असतात?"

"म्हणजे... दाराचे."

"गाडीला धाप लागते?"

"लागते बाबा. आपल्या गाडीला लागते."

"आणि खालून गळतं?"

"ऑईल," हेडक्लार्क म्हणाला. ऑफिसात साहेबासमोरही त्याचा आवाज इतका बारीक होत नसे.

बायकोने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासऱ्यांनी कागदी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही वाईट बोललात असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "खरं बोललात. मीही रोज हेच मोजतो. दोन वर्षं, फार तर तीन. तेवढ्यासाठी कशाला सुरी लावून घ्यायची? आहे तेवढ्या उजेडात जातील." त्यांचा आवाज थरथरत होता, आणि तो थरथरतोय हे आपल्याशिवाय कोणाला कळत नाही असं त्यांना वाटत होतं. हेडक्लार्कला भडभडून आलं. त्याला या माणसाचा हात धरून सांगायचं होतं, की बाबा, तुम्ही वीस वर्षं जगा, मी रोज तुमचा चहा पुसेन. पण असलं काही बोलायची सवय नसलेला माणूस ऐन वेळी जे करतो तेच त्याने केलं. पुरावा दिला. काचवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो! जरा मोठ्याने सांगा, माझं काय काम चाललंय तुमच्याकडे?"

"साहेब, मीच करणार होतो फोन," काचवाल्याचा आवाज घुमला. "जुनी काढली. आत सगळं सडलंय. आणि तुमची ती साधी बसवताना कडेला तडकली. टेन्शन घेऊ नका, शंभरात एखादी जातेच."

बायकोने कपाळाला हात लावला.

"शंभरात एखादी," सासरे हळूच म्हणाले. आणि मग ते उठले. "चला. कुठाय ती काच?"

"बाबा, कुठे निघालात?"

"मला दाखवा ती काच. हात लावल्याशिवाय माझा विश्वास नाही कोणावर."

अशी ती वरात रस्ता ओलांडायला निघाली. पुढे हिरव्या झग्यातले सासरे, त्यांचा हात धरून बायको, मागे झग्याच्या सुटलेल्या नाड्या दोन्ही हातांनी गच्च आवळून धरणारा हेडक्लार्क (झगा मागून उघडा असतो, हे त्याला जिन्यात कळलं), आणि सगळ्यांच्या मागे "आजोबा! ओ आजोबा!" करत सिस्टर. एका रिकाम्या रिक्षाच्या चालकाने थांबून विचारलं, पळवून नेताय की काय. हेडक्लार्क "तसंच काहीसं" म्हणाला.

दुकानात सासऱ्यांनी दोन्ही हातांनी गाडीचं तोंड चाचपलं. काचेच्या रिकाम्या चौकटीवरून बोटं फिरवली. मग तडकलेली काच मागितली. तिची कड, तिची गोलाई, तिची जाडी त्यांनी अंगठ्याने तपासली, आणि त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली. गेल्या सहा वर्षांत हेडक्लार्कने त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"काचेत खोट नाही," ते म्हणाले. "शिक्का असो नसो, काच चांगलीय. चौकटीचा गंज घासला का तू?"

"वरवर घासला," काचवाला म्हणाला.

"वरवर! इथे हात लाव. हा बघ उंचवटा. यावर तू काच दाबलीस. का दाबलीस?"

"साहेबांना दोन तासांत पाहिजे होती."

"म्हणजे घाई केलीस," सासरे म्हणाले. "काच काचेमुळे जात नाही रे. बसवणाऱ्याच्या घाईने जाते. चाळीस वर्षं मी हेच बघितलं." आणि ते एकदम थांबले. हात चौकटीवरच राहिला. डाव्या डोळ्याच्या वेळचा तो डॉक्टर, ते घड्याळ, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं, आणि बायकोने तोंडावर पदर धरला.

"सिस्टर," त्यांनी विचारलं, "तुमचे डॉक्टर आहेत का गेले?"

"आहेत की! तुमच्यासाठी थांबलेत."

"चिडले असतील."

"नाही हो. म्हणाले, आजोबांना भीती वाटत असेल तर बसू दे निवांत. आज नाही तर उद्या करू. खाली बसून चहा घेतायत."

"घाई नाही?"

"त्यांना घाई नसतेच. आम्हाला घरी जायला उशीर होतो."

सासऱ्यांनी मान डोलावली. "मग त्या माणसाला काच बसवू देऊ," ते म्हणाले. काचवाल्याला त्यांनी गंज पुरता घासायला लावला आणि नवी काच बसवली की संध्याकाळपर्यंत गाडी हलवायची नाही असं बजावून ते परत निघाले.

पुन्हा आंघोळ, पुन्हा झगा, पुन्हा थेंब. हेडक्लार्कने फॉर्मवर सगळ्यात महागड्या लेन्ससमोर खूण केली आणि खूण नीट दिसावी म्हणून ती तीनदा गिरवली. सासरे आत गेले. दार बंद झालं. पाऊण तास बायको त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही, आणि त्याने पहिल्यांदाच तिला "बघू, होईल सगळं ठीक" असं सांगायचं टाळलं. तिचा हात बाकावर होता. त्याने त्यावर आपला हात ठेवला. तिने काढून घेतला नाही, एवढीच काय ती त्या दिवसाची कमाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. खोलीत डॉक्टर, सिस्टर, लेक आणि जावई. सासरे खुर्चीत खांबासारखे ताठ बसले होते आणि त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते. पट्टी निघाली. डोळा मिटलेलाच.

"उघडा आजोबा," डॉक्टर म्हणाले. "सावकाश. मला कुठे जायचं नाहीये."

डोळा उघडला. पाणी आलं, पापणी फडफडली. सासऱ्यांनी खिडकीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं आणि तिच्या कपाळावरचे दोन पांढरे केस बोटाने बाजूला केले. ती हुंदके देऊ लागली.

मग त्यांनी जावयाकडे बघितलं. वरून खाली, खालून वर, चौकट मापात आहे का ते बघावं तसं, शांतपणे, अजिबात घाई न करता.

"दिसतंय का बाबा?" हेडक्लार्कने विचारलं.

"लख्ख दिसतंय," सासरे म्हणाले, आणि लेकीकडे वळले. "काय गं, तुझं लग्न ठरवलं तेव्हा तर माझे दोन्ही डोळे चांगले होते ना?"