ग्लोबल सरांचा पहिला पाहुणा

"पाटी कशाला लागते? मी नुसत्या चालीवरून विद्यार्थी ओळखतो!" असं शिपायाला ऐकवून ग्लोबल सर ऐटीत विमानतळाकडे निघाले.

ग्लोबल सर म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी कक्षाचे प्रमुख. इथली पोरं दरवर्षी थव्याथव्यानं बाहेर शिकायला जायची, तिकडून मात्र चिटपाखरूही फिरकायचं नाही. त्यामुळे कक्षात काम एकच, निरोप समारंभ! यंदा पहिल्यांदाच एक परदेशी मुलगा तत्त्वज्ञान शिकायला येत होता. स्वागताला खुद्द कुलगुरू!

विमानतळाच्या दाराशी सोनेरी केसांचा एक तरुण उभा होता.

"युनिव्हर्सिटी?" सरांनी विचारलं.

"युनिव्हर्सिटी!" तो आनंदानं ओरडला.

झालं! सरांनी त्याची बॅग उचलली. खांदा निखळायचाच बाकी राहिला. 'पुस्तकं असणार,' सर गहिवरले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुष्पगुच्छ झाला, फोटो झाले. पाहुणा लाजून टोमॅटोसारखा लाल! कुलगुरूंचा मात्र पत्ता नाही. सर भाषण ताणत राहिले, इतकं की पुढच्या रांगेतले दोघे घोरायला लागले. तेवढ्यात विद्यापीठाच्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला.

"सर, कुलगुरूसाहेब लिफ्टमध्ये अडकलेत! दोन मजल्यांच्या मधोमध!"

"अरे, लिफ्ट कंपनीचा तो परदेशी इंजिनियर आज येणार होता ना?"

"आणला की मी! विमानतळावर 'युनिव्हर्सिटी' अशी पाटी धरली, लगेच मागोमाग आला. पण हातच लावत नाही हो! पाना दिला तर उलटासुलटा करून बघतो. दाराशी बसून साहेबांना इंग्रजीत विचारतोय, माणूस खरंच अडकतो की त्याला तसं नुसतं वाटतं!"

सरांनी झटकन पाहुण्याची बॅग उघडली. आत पाने, पकडी आणि वायरची भेंडोळी!

"लिफ्ट?" सरांचा आवाज चिरकला.

"लिफ्ट!" पाहुणा तितक्याच आनंदानं म्हणाला.

सरांनी त्याला पुष्पगुच्छासकट ओढत लिफ्टपाशी नेलं. तिथे गडी अडून बसला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "लिफ्टा दुरुस्त करण्यात निम्मं आयुष्य गेलं, कुणी एक टाळी वाजवली नाही. मला इथेच शिकायचंय. आधी ॲडमिशन!"

सर लिफ्टच्या दाराच्या फटीला तोंड लावून अदबीनं म्हणाले, "साहेब, इंजिनियर आलेत, पण प्रवेश मागतायत. मुदत तर संपलीय. काय करू?"

"द्या!" आतून आरोळी आली. "वाट्टेल त्या विषयाला द्या! आणि त्या दुसऱ्याला आधी दारापासून हटवा! तो म्हणतो, मी आत नाहीचये!"

त्या वर्षीच्या अहवालात सरांनी ठणकावून लिहिलं, 'परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत एकाच दिवसात शंभर टक्के वाढ!' कुलगुरूंनी मुकाट्यानं खाली सही केली. चार जिने चढून आल्यामुळे ती जराशी वाकडी आली, एवढंच.